फिटच्या गोळ्या, यकृत आणि हाडे : बिदर-कलबुर्गी सीमाभाग

बिदर आणि कलबुर्गी या सीमाजिल्ह्यांत फेफऱ्याचा उपचार पिढ्यान्‌पिढ्या देवस्थानाशी जोडलेला होता. अफझलपूर तालुक्यातले, भीमा-अमरजेच्या संगमाजवळचे गाणगापूर बाधा उतरण्यासाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. फिट येणाऱ्यालाही बाधित समजून तिथे नेले जाई. घरी झटका आला तर कांदा हुंगवायचा, चप्पल नाकाशी धरायची, मुठीत लोखंडी किल्ली द्यायची. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यामुळे श्रेय किल्लीला मिळत राहिले. चरकसंहितेने मात्र अपस्मार हा रोगच मानला आणि त्यावर पंचगव्य घृतासारखी औषधे सांगितली.

आधुनिक औषधांचा आरंभ १८५७ साली लंडनमध्ये ब्रोमाइडने झाला. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमन यांना फिनोबार्बिटोनचा, म्हणजे ल्युमिनलचा, गुण दिसला. १९३८ मध्ये बोस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन आणले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची विभागणी होऊन बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) म्हैसूर राज्यात गेले, तरी भालकी, औराद, आळंदचे मराठी रुग्ण मोठ्या दवाखान्यासाठी हैदराबाद-सोलापूरची वाट धरत. १९६३ साली गुलबर्ग्यात आणि सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालये निघाली. ग्रामीण भागात स्वस्त गोळी पुरते का, याचे उत्तर कर्नाटकातच दक्षिण टोकाला मिळाले : बंगळूरचे डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी येळंदूर तालुक्यात फिनोबार्बिटोन व फेनिटॉइनवर रुग्ण वर्षानुवर्षे सांभाळले. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या गोळ्यांचे दुसरे अंग कळायला मात्र फार उशीर झाला. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही फिटची औषधे यकृतातल्या, औषधे मोडणाऱ्या विकरांचे (एन्झाइमांचे) उत्पादन वाढवतात. या विकरगटाला सायटोक्रोम पी-४५० हे नाव १९६२ मध्ये मिळाले. रक्ततपासणीत जीजीटी हे यकृताचे विकर वाढलेले दिसते, ते बहुधा या वाढीव कामाचे चिन्ह असते, यकृत बिघडल्याचे नव्हे. नुसता रिपोर्ट पाहून घाबरून गोळी बंद करणे ही जुनी आणि महागात पडणारी चूक आहे. यकृताची खरी इजा दुर्मीळ असते. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटचेच औषध ही विकरे वाढवत नाही, पण दोन वर्षांखालील, अनेक औषधे घेणाऱ्या मुलांत त्याने यकृत निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. कावीळ, सततच्या उलट्या आणि सुस्ती दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

हाडांचे प्रकरण अधिक गंभीर, कारण ते गुपचूप चालते. वाढलेली विकरे ड जीवनसत्त्वही लवकर मोडतात. मग आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते आणि हाडातले कॅल्शियम रक्तात ओढले जाते. रक्तातले अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढते, हाडे मऊ पडून दुखतात. चार्ल्स डेंट आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याची नोंद केली, तेव्हा ल्युमिनल वापरात येऊन ५८ वर्षे झाली होती.

सीमाभागात या दुखण्याला स्थानिक कारणेही जोडली जातात. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हा रोजचा आहार. ज्वारीतले फायटेट कॅल्शियम, लोह आणि जस्त अडवते. दूधदुभते ज्या घरी कमी, तिथे तूट वाढते. ऊन भरपूर असूनही अंग झाकून, सावलीत राहणाऱ्या बायकांत ड जीवनसत्त्व कमी आढळते. त्यात कलबुर्गीच्या काही गावांतल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोरोसिसमध्येही हाडे दुखतात आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढते, त्यामुळे दोष गोळीचा की पाण्याचा, हे एका तपासणीने ठरत नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि जीजीटी एकत्र पाहावे लागतात. फॉस्फटेजबरोबर जीजीटी वाढलेले नसेल तर संशय हाडाकडे वळतो.

कमतरता आढळल्यास ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम देतात, किंवा डॉक्टर दुसरे औषध सुरू करून जुने हळूहळू उतरवतात. फिनोबार्बिटोन एकदम थांबवले तर लागोपाठ झटके येऊन जीव धोक्यात येतो.