रॅमचा भाव आणि तैवानचा भूकंप : एका असेम्बल्ड कॉम्प्युटरची गोष्ट

डिसेंबरमध्ये पुतण्याने मला व्हॉट्सॲपवर एक कोटेशन पाठवलं. बारावी झाली, इंजिनीअरिंगला लागला, आता घरी गेमिंग पीसी बनवायचाय. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. खाली दुकानदाराची टीप : "रॅमचा भाव आजच्यापुरता. उद्या विचारून या."

पोराचा प्रश्न साधा होता. "काका, सोन्याचा भाव रोज बदलतो ते समजतं. रॅमचा का बदलतोय?"

मी फोनवर उत्तर द्यायला लागलो आणि अर्ध्या तासानंतर लक्षात आलं की आपण १९८१ सालापर्यंत मागे गेलोय. म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा. कारण माझ्या मते घरातला असेम्बल्ड कॉम्प्युटर ही खाजगी वस्तू नाहीच. त्याच्या प्रत्येक भागाची किंमत कुठलं तरी सरकार, कुठली तरी कंपनी किंवा कुठली तरी आपत्ती ठरवत आली आहे.

सुरुवात आयबीएमपासून. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. घाई होती, म्हणून त्यांनी सगळं स्वतः बनवलं नाही. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची, बाकी बरेच भाग बाजारात मिळणारे. वर यंत्राच्या अंतर्रचनेचं पुस्तकच विकायला ठेवलं, त्यात सर्किटचे नकाशे होते. आयबीएमची खास म्हणावी अशी गोष्ट उरली ती बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणारा छोटा प्रोग्राम. कॉम्पॅकच्या इंजिनीअरांनी त्याची नक्कल न करता तसंच काम करणारा दुसरा बायोस लिहिला आणि १९८३ मध्ये त्यांचं यंत्र दुकानात आलं. पुढे तसा बायोस विकतही मिळू लागला. झालं, दार उघडलं. तैवानमध्ये मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या : गिगाबाईट आणि एमएसआय १९८६ च्या, आसुस १९८९ ची. एकाचा बोर्ड, दुसऱ्याचा प्रोसेसर, तिसऱ्याची रॅम, आणि तरी यंत्र चालतंय. आज आपण "पार्ट निवडतो" ते त्या घाईत घेतलेल्या निर्णयामुळे.

आपल्याकडे तेव्हा काय चालू होतं? आयबीएम तर १९७८ मध्येच भारत सोडून गेली होती. 'फेरा' कायद्याप्रमाणे परकीय भागभांडवल कमी करायला ती तयार नव्हती, जनता सरकार मागे हटायला तयार नव्हतं. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवं संगणक धोरण आणलं, आयातीच्या अटी सैल केल्या, खाजगी कंपन्यांना वाव दिला. तरी आयात शुल्क जबर होतं. घरी कॉम्प्युटर ही श्रीमंतांचीच गोष्ट.

खरा बदल झाला तो १९९७ मध्ये, आणि त्याची बातमी कुणी पहिल्या पानावर वाचल्याचं मला आठवत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत सामील झाला. कॉम्प्युटर आणि त्याच्या सुट्या भागांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवत २००५ पर्यंत शून्यावर आणायचं ठरलं. या कराराला नावं ठेवणारेही आहेत. त्यांचं म्हणणं, यामुळे इथे कारखाने उभे राहिले नाहीत आणि आपण फक्त गिऱ्हाईक झालो. त्यात तथ्य आहे. पण त्याच करारामुळे डोंबिवलीतल्या कारकुनाच्या घरात कॉम्प्युटर आला, हेही तितकंच खरं. त्या कारकुनाचा मुलगा मीच.

१९९९ ची गोष्ट. बाबांनी गणपतीच्या आधी लॅमिंग्टन रोडवरून कोटेशन आणलं होतं. लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने आम्ही फक्त डी. बी. मार्ग पोलीस ठाणं ओळखतो. रस्त्याला नाव गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टनचं, तिथे थिएटरं सिनेमाची, नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांची ऑफिसं, आणि दुकानं रेडिओ-ॲम्प्लिफायरच्या सुट्या भागांची. त्याच दुकानदारांपैकी अनेकांनी पुढे कॉम्प्युटरचे भाग ठेवायला सुरुवात केली. सुटे भाग विकायची सवय त्या रस्त्याला आधीपासूनच होती.

कोटेशनवर लिहिलं होतं : सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबी हार्ड डिस्क, १५ इंची मॉनिटर, मल्टीमीडिया किट. घ्यायचा दिवाळीच्या बोनसवर. आणि घ्यायचा "अभ्यासासाठी". त्या काळातला प्रत्येक घरगुती गेमिंग कॉम्प्युटर अभ्यासासाठीच घेतला गेलाय, याची इतिहासाने नोंद घ्यावी. पुढे एमएस-सीआयटी आली आणि हे निमित्त आणखी पक्कं झालं.

दिवाळीत आम्ही पैसे घेऊन गेलो. दुकानदाराने कागद पाहिला आणि मान हलवली. रॅमचा भाव खूप वाढलाय. बाबा चिडले. तो म्हणाला, "साब, ताइवान में भूकंप आया है."

बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. तैवानला भूकंप झाला तर ग्रँट रोडला भाव का वाढावा? त्यांना वाटलं, हा आपल्याला फसवतोय. वाद झाला, दोन दुकानं फिरलो, सगळीकडे तेच उत्तर. शेवटी ६४ ऐवजी ३२ एमबीवर भागवलं. आणखी पैसे वाचवायला मदरबोर्डही स्वस्तातला घेतला. टॅक्सीने सीएसटी, तिथून दुपारची डोंबिवली स्लो. मॉनिटरचा खोका बाबांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दुकानदार खरं बोलत होता. २१ सप्टेंबर १९९९ च्या पहाटे तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, दोन हजारांहून जास्त माणसं गेली. शिंचू इथल्या चिपच्या कारखान्यांची वीज गेली, उत्पादन थांबलं आणि जगभर रॅमचे भाव भडकले. हे मला बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं. तोवर बाबांच्या मनात लॅमिंग्टन रोड म्हणजे लुटारूंचा रस्ता हे पक्कं झालं होतं.

दोन वर्षांनी, २००१ मध्ये, रॅमचे भाव तसेच कोसळले. अमेरिकेतला डॉटकॉमचा फुगा फुटला, मागणी आटली. मी पॉकेटमनीतून १२८ एमबीची पट्टी आणली. कॅबिनेटचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उघडलं, पट्टी दाबून बसवली, दोन्ही बाजूंचे क्लिप 'टक्' करून बसले. बाबा मागे उभे. "चालू होईल ना?" झाला. आमच्या घरात विकत घेतलेली वस्तू नंतर चांगली झाली, असं त्यापूर्वी कधी घडलं नव्हतं. फ्रिज, टीव्ही, स्कूटर, सगळं दिवसेंदिवस जुनंच होत जायचं. हा एकच डबा असा होता की ज्यात थोडे थोडे पैसे टाकले की तो तरुण व्हायचा.

स्वस्तातल्या मदरबोर्डाने मात्र धडा शिकवला. इंटेलच्या ८१० चिपसेटच्या त्या बोर्डावर ग्राफिक्स कार्डासाठी लागणारा एजीपी स्लॉटच नव्हता. मित्रांकडे जीफोर्स-२ एमएक्स कार्ड आली, आणि आमच्याकडे ते खोचायला जागा नाही. शेवटी 'व्हाइस सिटी' खेळायची म्हणून बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागले. त्यानंतर आलं लोडशेडिंग. २००६ च्या उन्हाळ्यात रोज तासन्‌तास वीज जायची, आणि परत येताना ज्या झटक्याने यायची त्यात एक दिवस कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला एसएमपीएस गेला. त्यावर लेबल होतं ४०० वॅटचं, आत काय होतं देव जाणे. जाताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन गेला.

म्हणून पुतण्याला पहिला सल्ला हाच दिला : लोक ग्राफिक्स कार्डाबद्दल बोलतात, तू आधी एसएमपीएसवर पैसे घाल आणि बोर्ड असा घे की चार वर्षांनी त्यावर काहीतरी नवं बसेल.

मधल्या वर्षांची यादी भराभर सांगतो. २०११ च्या शेवटी थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, इथे डिस्क दुपटीच्या घरात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ रुपयांपर्यंत गेला, सगळंच महाग. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मुंबईच्या वेशीवरची जकात एकदाची संपली, पण मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के कर बसला, जणू ती चैनीची वस्तू. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरना १८ टक्क्यांत यायला जानेवारी २०१९ उजाडलं. २०२१ मध्ये तर कमालच झाली. इथेरियम नावाचं आभासी चलन काढायला लोकांनी ग्राफिक्स कार्डांचे ढीग लावले. पोरांना आरटीएक्स ३०६० छापील किमतीत मिळेना. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, आणि तीच कार्डं 'सेकंडहँड, कमी वापरलेली' म्हणून बाजारात परत आली.

ऑगस्ट २०२३ ही तर ताजी आठवण. केंद्राने लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन अशांच्या आयातीवर एका दिवसात परवाना लावला, दुसऱ्याच दिवशी मुदत पुढे ढकलली, आणि ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन नोंदणीवर प्रकरण मिटलं. सुटे भाग त्यात नव्हते. असेम्बल करणारा माणूस पुन्हा एकदा वाचला.

आता आजचं उत्तर. रॅमच्या चिप जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी खास मेमरी त्यांना जास्त पैसे देते, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत घरगुती रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की 'क्रुशियल' हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करतोय. त्याच महिन्यात डॉलरने ९० रुपये ओलांडले. गंमत म्हणजे याच मायक्रॉनचा गुजरातमध्ये साणंदला मेमरी चिपच्या जोडणी-चाचणीचा कारखाना २०२३ मध्ये जाहीर झाला, केंद्र आणि राज्य सरकारच्या भरघोस अनुदानावर. म्हणजे चिपच्या कारखान्याला पैसा तुमच्या-आमच्या करातून, आणि चिप मात्र आपल्या पोराच्या कॅबिनेटमध्ये येईलच असं नाही.

मी अनुदानाच्या विरोधात नाही. कारखाने यायलाच हवेत. पण आपण पैसे देतोय तर गिऱ्हाईकाला काय मिळणार, हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही.

भाव उतरतील. १९९९ नंतर २००१ आलंच. मला जास्त काळजी वेगळीच आहे. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर करून येते. वाढवता येत नाही, बदलता येत नाही. ती प्रथा हळूहळू छोट्या डेस्कटॉपमध्येही शिरतेय. म्हणजे भाव चढलेले असताना तुम्ही कमी रॅमचं यंत्र घेतलंत, तर भाव पडल्यावर पट्टी टाकायची सोयच नाही. बाबांनी ३२ एमबीवर भागवलं कारण पुढे वाढवता येणार होतं. तो रस्ता बंद झाला तर कमी पैशाच्या माणसाला कायम कमीच.

ग्राहकांनी आवाज केला तर ऐकलं जातं, याचंही उदाहरण आहे. मे २०२० मध्ये एएमडीने सांगितलं की येणारे नवे प्रोसेसर जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. जगभरच्या ग्राहकांनी इतका आरडाओरडा केला की काही आठवड्यांत कंपनीने निर्णय फिरवला. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, पोर्टल काढलं. त्यात मोबाईल आहेत, गाड्या आहेत, शेतीची अवजारं आहेत. "वाढवण्याचा हक्क" हा शब्दही त्यात आला पाहिजे, असं मला वाटतं.

पुतण्याचं काय झालं? ३२ जीबीच्या दोन पट्ट्यांच्या किटऐवजी १६ जीबीची एकच पट्टी घेतली. बोर्डावर चार स्लॉट आहेत, तीन रिकामे. एका पट्टीने वेग थोडा कमी मिळतो, चालायचंच. एसएमपीएस चांगला, ग्राफिक्स कार्ड मधलं, मॉनिटर फुल एचडी. गेल्या रविवारी आमच्या हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघांनी जोडला.

बाबा खुर्चीवर बसून बघत होते. आता ऐंशीचे झालेत. रॅमचा भाव ऐकला आणि म्हणाले, "या वेळी भूकंप कुठे झाला?"

मी त्यांना सगळं सांगितलं, १९९९ चंही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तो खरं बोलत होता. मी उगाच भांडलो त्याच्याशी."

ते दुकान आता तिथे नाही. असतं तर घेऊन गेलो असतो.

तुमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर कुठून आला, कशाच्या नावाखाली आला, आणि त्यात नंतर काय काय बदललंत? खाली लिहा. तीन स्लॉट रिकामे ठेवून बसलेले आपण किती जण आहोत, ते तरी कळेल.