२८–२८ वरची चढाई

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना ७ ऑक्टोबर २०२३ चा. भारताच्या बारा जणांच्या यादीत नाशिकचा आकाश शिंदे आणि नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. समोर इराण; २०१८ मध्ये जकार्तात याच इराणने उपांत्य फेरीत भारताला २७–१८ असे हरवले होते.

गुणफलकावरचा शेवटचा निर्विवाद आकडा २८–२८. घड्याळात जेमतेम मिनिटभर उरलेले, चढाईला पवन सेहरावत. चित्रफीत सावकाश पाहिली की क्रम लागतो: पवन कोणालाही न शिवता कडेच्या लॉबीत जातो, इराणी बचावपटू त्याच्या मागोमाग लॉबीत येतात. घडले काय, यावर वाद नव्हताच; मोजायचे कुठपर्यंत, यावर होता. लॉबी एरवी मैदानाबाहेर. शिवाशिवी होऊन झटापट सुरू झाली की ती मैदानात धरतात. शिवाशिवीच झाली नसेल तर? जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाने पवन बाद आणि मागून आलेले सगळेही बाद. भारतातल्या प्रो कबड्डी लीगमध्ये रुळलेल्या नव्या नियमाने पवन बाद झाला तिथेच चढाई संपली. भारताने चार गुण मागितले.

रग्बीत असाच पेच २६ फेब्रुवारी २०१७ रोजी ट्विकेनहॅमला, इंग्लंड–इटली सामन्यात पडला होता. टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही संघांचा किमान एकेक खेळाडू उभ्याने भिडला की रक होतो, आणि तेव्हा रक झाला की मगच ऑफसाइडची रेषा पडायची. इटलीने भिडायला माणूसच पाठवला नाही. रक नाही म्हणून रेषा नाही. इटलीचे खेळाडू बिनधास्त इंग्लंडच्या बाजूला जाऊन उभे. गोंधळलेल्या इंग्लिश खेळाडूंनी पंच रोमँ प्वात यांनाच उपाय विचारला. मी पंच आहे, प्रशिक्षक नव्हे, असे त्यांनी सुनावले. इंग्लंड ३६–१५ जिंकले, तरी ऑगस्टमध्ये नियम बदलला: एकच खेळाडू चेंडूवर उभा राहिला तरी आता रेषा पडते.

तिथे निदान नियम एकच होता. हांगझोऊत दोन होते आणि बाजूही उलट्या: भारतीय लीगमधला नियम इराणच्या कामाचा, आणि त्याच लीगमध्ये खेळणारे भारतीय खेळाडू जुन्या नियमावर अडलेले. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, खेळाडू मॅटवर बसून राहिले, खेळ तासभर खोळंबला. या उलटापालटीपेक्षा दोन टोकांचे आकडे भरवशाचे. एक २८–२८. दुसरा, जुना नियम ग्राह्य धरल्यानंतरचा, ३३–२९: सुवर्ण भारताला.