हवेच्या वाटेवरचे तेल

भंडारा शहरासमोर वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर असलेले कारधा हे गाव नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर (पूर्वीचा क्रमांक 6, आताचा 53) वसले असून, भारतीय रस्त्यांवर आलेल्या मोटार-इंजिनांच्या बहुतेक सर्व पिढ्या या मार्गाने नदी ओलांडून गेल्या आहेत. इंजिन ज्या मार्गाने हवा ओढते, म्हणजे एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या नळ्यांत, सापडणाऱ्या तेलाचा अर्थ या पिढ्यांगणिक बदलत गेला आणि त्याबरोबर मेकॅनिकची निदानाची रीतही बदलली.

सुरुवातीच्या काळात हे तेल मुद्दाम ठेवलेले असे. 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवणी सुरू झालेल्या विलीज जीपमध्ये, तसेच जुन्या ट्रक-ट्रॅक्टरांत, ‘ऑइल बाथ’ प्रकारचा फिल्टर होता. त्यात आत येणारी हवा तेलाच्या पृष्ठभागावर आपटून वळे, धूळ तेलात बसे आणि हवा पुढे जाई. धानाच्या मळणीच्या दिवसांत हवेत भुसा व धूळ दाटणाऱ्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ही रचना विशेष उपयोगी होती, परंतु भांड्यातील खुणेपेक्षा जास्त तेल ओतले गेले तर ते हवेबरोबर इंजिनात ओढले जाई, म्हणून त्या काळी निदानाची पहिली पायरी फिल्टरचे भांडे उघडून पातळी पाहणे हीच असे.

त्याच काळात पिस्टनच्या रिंगांतून खाली निसटणारा वायू, ज्याला ‘ब्लो-बाय’ म्हणतात, ब्रीदर नावाच्या नळीतून सरळ रस्त्यावर सोडला जाई आणि त्यातील तेल गाडीखाली टपकत राही. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा संबंध वाहनांतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनशी आहे, हे आरी हागेन-स्मिट यांनी 1950च्या दशकात दाखवल्यानंतर कॅलिफोर्नियात 1961च्या नव्या गाड्यांत हा वायू पुन्हा इंजिनातच जाळणारी ‘पीसीव्ही’ झडप आली, आणि पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली. हवा स्वच्छ ठेवण्याच्या या स्तुत्य निर्णयाचा परिणाम असा की, पूर्वी रस्त्यावर पडणारे तेल आता हवेच्या वाटेवर साचू लागले. त्यामुळे नळीत तेलाचा पातळ थर दिसला म्हणून इंजिन बिघडले असे समजून ते खोलणे हा ग्राहकावर अन्याय ठरतो.

निदानाची खरी कसोटी लागते ती टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, असलेल्या डिझेल गाड्यांत. टर्बोच्या आधीच्या नळीतही तेल असेल तर संशय ब्रीदरवर जातो, कारण त्याची नळी तिथेच येऊन मिळते. टर्बोपूर्वीचा भाग कोरडा आणि पुढची नळी व इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, तेलाने भरलेली असेल तर टर्बोचे सील किंवा त्यातून तेल खाली आणणारी नळी तपासावी लागते. तुंबलेला फिल्टरही टर्बोपूर्वीच्या नळीत निर्वात वाढवून तेल ओढून घेतो, म्हणून महाग टर्बो बदलण्याआधी स्वस्त फिल्टर पाहणे हाच शहाणपणा. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण सैल केल्यावर धुराचे जोरदार झोत येत असतील तर ‘गाडी बॅक मारते’ असे मेकॅनिक म्हणतात, आणि तेव्हा रिंग व बोर झिजल्याचा अंदाज कॉम्प्रेशन मोजून पक्का करावा लागतो.

जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत फिरवणारी ‘ईजीआर’ व्यवस्था डिझेल गाड्यांत आली, तसे या तेलाला काजळी चिकटून मॅनिफोल्डमध्ये काळा, घट्ट लगदा जमू लागला. 2020च्या एप्रिलपासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 निकषांच्या गाड्यांत संवेदक हवेच्या प्रवाहातील फरक नोंदवतात आणि स्कॅनरवर त्याचा संकेतांक दिसतो. मात्र तो संकेतांक तेल कोठून आले हे सांगत नाही, आणि त्यासाठी आजही क्लिप सैल करून नळी काढावी लागते.