११ ऑगस्ट २००८ : शेवटचे शंभर मीटर

बीजिंग ऑलिम्पिकच्या ‘वॉटर क्यूब’ जलतरण तलावात या दिवशी अमेरिकेने पुरुषांची ४ × १०० मीटर फ्रीस्टाइल रिले ३ मिनिटे ८.२४ सेकंदांत जिंकली. फ्रान्स अवघ्या ०.०८ सेकंदाने मागे पडला. शेवटच्या टप्प्यासाठी बत्तीस वर्षांच्या जेसन लेझॅकने उडी घेतली, तेव्हा फ्रान्सचा ॲलँ बर्नार अर्ध्या सेकंदाहून अधिक पुढे होता. लेझॅकने तो टप्पा ४६.०६ सेकंदांत कापला.

याच संघातल्या मायकेल फेल्प्सच्या बीजिंगमधल्या आठ सुवर्णांच्या हिशेबात हे पदक जमा झाले. पण त्याचे खरे मोल लेझॅकच्या कारकिर्दीत आहे. रिलेचा संघ म्हणजे चार वैयक्तिक वेळांची बेरीज, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. रिलेत चालत्या उडीचा, म्हणजे अंगाला आधीच गती देऊन घेतलेल्या उडीचा, फायदा मिळतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे, पण तो फायदा बर्नारलाही मिळाला होता. तीनच दिवसांनी वैयक्तिक शंभर मीटरमध्ये बर्नारने ४७.२१ सेकंदांत सुवर्ण जिंकले, लेझॅक ४७.६७ सेकंदांसह कांस्यपदकावर राहिला. म्हणजे स्वतःच्या वैयक्तिक वेळेपेक्षा रिलेत बर्नार ०.४८ सेकंदाने वेगवान होता, तर लेझॅक तब्बल १.६१ सेकंदांनी. त्या काळच्या पोहण्याच्या पोशाखांनी विक्रम स्वस्त केले होते, हेही मान्य. तरी एकाच तलावातल्या, एकाच आठवड्यातल्या या दोन जलतरणपटूंमधली ही तफावत पोशाखाने उलगडत नाही. त्याआधी याच शर्यतीत सिडनी ऑलिम्पिकमध्ये रौप्य आणि अथेन्समध्ये कांस्य, अशा दोन पराभूत रिले लेझॅकच्या खात्यावर होत्या. वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण नसलेल्या अशा खेळाडूला निव्वळ संघातला चौथा गडी म्हणून मोजणे अन्यायाचे आहे.