सरस्वतीबाई काय शिकल्या



मागे आमच्या गटाची बैठक होती. पापड-कुरडयांचे फोटो काढून गिऱ्हाइकांना मोबाईलवर पाठवायचे ठरले. फोटो कोण काढणार म्हटल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, "पोरगा शाळंतून आला की काढंल. आपल्याला कुठं येतंय? त्याला शिक्षण लागतं."

खरेच किती शिक्षण लागते? याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट करणारे दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. ३० एप्रिल १८७० चा त्यांचा जन्म. त्यांची गोष्ट आपण सिनेमावाले म्हणून ऐकतो. आज मी ती शिकणाऱ्यांची गोष्ट म्हणून सांगणार आहे, कारण त्या घरात शिकणारे दोघे होते. एकाचे नाव पुरस्काराला दिले आहे. दुसरीचे नाव आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे?

धुंडिराज फाळक्यांचे वडील संस्कृतचे पंडित. मुलाचा ओढा मात्र रंग-रेषांकडे. १८८५ साली पंधराव्या वर्षी तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला शिकला. १८९० च्या सुमारास हाती कॅमेरा आला. त्या काळी फोटो काढणे म्हणजे बटण दाबणे नव्हते. कॅमेऱ्यात काचेची पट्टी घालायची. तिच्यावर चांदीच्या क्षारांचा लेप असे. उजेड पडला की त्या लेपात बदल होई, पण डोळ्यांना काही दिसत नसे. मग अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याशी ती पट्टी एका औषधाच्या पाण्यात घालायची. हळूहळू चित्र उमटे, तेही उलटे: काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे. नंतर ती हायपोच्या पाण्यात घालायची, म्हणजे चित्र पक्के होते, आणि भरपूर पाण्याने धुवायची. त्यावरून कागदावर सुलटा फोटो छापायचा.

यात सगळी मेख त्या पाण्याची. आपण दूध विरजतो तेव्हा उन्हाळ्यात दही लवकर लागते, थंडीत वेळ घेते. तसेच ते. पाणी कोमट असले तर चित्र झपाट्याने काळे पडते, गार असले तर उमटायला तयार नाही. किती वेळ ठेवायचे हे पुस्तकात लिहिलेले असते, पण विरजणासारखेच, ते खरे कळते हाताला. कलाभवनाचे प्राध्यापक गज्जर यांनी फाळक्यांना रतलामला पाठवले. तिथे बाबूलाल वरुवळकर यांच्याकडे ते तीन रंगांची छपाई आणि अंधाऱ्या खोलीतले काम शिकले. गुरूच्या शेजारी उभे राहून शिकायची विद्या ती.

एवढे शिकून त्यांनी गुजरातेत गोध्र्याला फोटोचा धंदा टाकला. तो बरा चालला होता.  त्यातच प्लेगची साथ आली आणि फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. ते गाव सोडून ते बडोद्याला परतले. कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी तिथे लोकांची समजूत होती म्हणतात, म्हणून तिथे धंदा चालला नाही.

१९०२ साली त्यांचे दुसरे लग्न झाले. मुलगी करंदीकरांची. सासरी नाव ठेवले सरस्वती. माहेरचे नाव तिथेच मागे राहिले, आपल्या आज्या-पणज्यांचे राहिले तसे. पुढची काही वर्षे फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यात चित्रकार आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी केली, मग छापखाना काढला, जर्मनीला जाऊन छपाईचे नवे तंत्र बघून आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर छापखाना सोडून दिला. चाळिशी आलेली, पदरी मुले, हातात काम नाही.

अशात मुंबईत गिरगावला एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. दुसऱ्या वेळी सरस्वतीबाईंना बरोबर नेले. पडद्यावर आपले राम-कृष्ण का नसावेत, या विचाराने त्यांना झपाटले. रोज तासन्‌तास चित्रपट बघून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. औषधपाण्याने नजर परत आली. मग विम्याची कागदपत्रे गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ या चित्रपटवाल्याने त्यांना आपला कारखाना आतून दाखवला. दोन महिन्यांत ते शिकून परत आले. येताना विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची आणि फिल्मला भोके पाडायच्या यंत्राची मागणी नोंदवून आले.

आता माझ्या गोष्टीतली दुसरी विद्यार्थिनी येते.

तेव्हा फिल्म कोरी येई, कडेला भोके नसत. आणि भोकांशिवाय फिल्म चालत नाही. कॅमेऱ्यातले दाते त्या भोकांत अडकून फिल्म पुढे ओढतात. भोके नेमक्या अंतरावर नसतील तर पडद्यावरचे चित्र थरथरते. शिलाई मशीनवर कापड नीट सरकले नाही तर टाके कसे वाकडे पडतात, तसेच. हे काम लख्ख उजेडात करता येत नाही, कारण कोऱ्या फिल्मला उजेड लागला की ती वाया गेली. दादरच्या घरात, दिवसभराची कामे उरकल्यावर, अंधाऱ्या खोलीत बसून ही भोके पाडली सरस्वतीबाईंनी.

मी आपला एक साधा हिशेब करून बघितला. एक फूट फिल्मवर सोळा चित्रे. एकेका चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके. म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' होता सुमारे ३,७०० फूट. झाली पावणेपाच लाखांच्या आसपास भोके. हे एका प्रतीचे. चित्रण केलेली मूळ फिल्म वेगळी आणि पडद्यावर दाखवायची प्रत वेगळी, दोन्हींना भोके लागतात. शिवाय फुकट गेलेली फिल्म निराळीच.

फक्त भोकेच नाहीत. औषधांची पाणी तयार करणे, फिल्म धुणे हेही त्या शिकल्या. त्यांना कलाशाळा नव्हती, रतलाम नव्हते, लंडन नव्हते. नवऱ्याने सांगायचे आणि त्यांनी करून बघायचे, एवढीच शाळा.

भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून फाळक्यांनी आधी एक नमुना केला. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा मांडला आणि रोप वाढेल तसे एकेक चित्र टिपत गेले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ते पाहून कर्ज मिळाले. तरी पैसा कमी पडलाच. तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने बाहेर निघाले. आपल्यातल्या किती जणींनी बी-बियाण्यासाठी, मुलाच्या फीसाठी डोरले सावकाराकडे ठेवलेले आहे, ते आपण जाणतो. त्या वेळी पोटात काय होते, तेही जाणतो. इथे तर पीक काय येणार हेच कुणाला माहीत नव्हते, कारण असे पीक इथे कुणी घेतलेच नव्हते.

चित्रण सुरू झाले तेव्हा विजेचे दिवे नव्हते, सगळे काम उन्हावर. ऊन वरून पडले की माणसाचे डोळे आणि गळा काळोखात जातो. मग समोरून पांढरी चादर धरायची, म्हणजे उन्हाचा उजेड चादरीवरून परतून तोंडावर पडतो. ती चादर धरून सरस्वतीबाई उन्हात उभ्या राहत. आणि कामावरच्या ६०-७० माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. त्यांचा मुलगा भालचंद्र त्यात हरिश्चंद्राचा मुलगा झाला होता. तारामती झाले अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ, कारण सिनेमात काम करायला एकही बाई पुढे येईना.

कॅमेरा चालवायला फाळक्यांनी आपला त्र्यंबकचा बालमित्र, त्र्यंबक तेलंग, याला शिकवून तयार केले. तेलंगही नवशिकेच. पण 'राजा हरिश्चंद्र'चे कॅमेरामन म्हणून त्यांचे नाव इतिहासात लागले, आणि ते योग्यच झाले. सरस्वतीबाईंच्या कामाला मात्र पुस्तकांतून एक ठरलेला शब्द येतो: 'मदत'. पतीला मोलाची मदत केली. मला हा शब्द खटकतो. आपल्यालाही कुणी फॉर्म भरताना विचारतो, काय करता? आपण खुरपतो, कांदा काढतो, द्राक्षाची विरळणी करतो आणि सांगतो, "घरीच असते, शेतात मालकांना मदत करते." तेलंग कॅमेरा शिकले तर ते शिकणे, आणि सरस्वतीबाई फिल्म धुवायला शिकल्या तर ती मदत, हे कसे?

३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि चालला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला मुक्काम नाशिकला हलवला. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. पडद्यावर बाया आल्या त्या अशा, मायलेकी मिळून. पुढे 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. सगळे इथेच, आपल्या नाशकात. १६ फेब्रुवारी १९४४ ला दादासाहेब गेले, तेही नाशकातच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, सहलीला तुम्ही गेल्या असालच.

आणखी एक नाव सांगते. 'राजा हरिश्चंद्र' लागला त्याच वर्षी, १९१३ मध्ये, होमाई व्यारावाला जन्मल्या. त्याही जे. जे. मध्ये शिकल्या. फोटो काढायला शिकल्या माणेकशा यांच्याकडून, पुढे त्यांच्याशीच लग्न केले. होमाईंनी काढलेले सुरुवातीचे फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावाने. पण त्या थांबल्या नाहीत. वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणारी भारतातली पहिली बाई म्हणून त्यांचे नाव झाले, गांधी-नेहरूंचे, स्वातंत्र्याच्या दिवसांचे फोटो त्यांनी काढले, आणि म्हातारपणी पद्मविभूषण मिळाले. सरस्वतीबाईंपासून होमाईंपर्यंत एका पिढीचे अंतर, आणि तेवढ्यात फोटोखाली नाव येण्यापर्यंत मजल गेली.

ही सगळी हकीकत मी पुढच्या बैठकीत मावशींना सांगितली. त्यांनी बाकीचे सगळे सोडून चादरीचेच विचारले. "म्हणजे उजेड उलटा पाडायचा?" मग आम्ही पापडाची परडी अंगणात मांडली. ऊन एका बाजूने येत होते, दुसरी बाजू काळी दिसत होती. एकीने आतून धुतलेले पांढरे धोतर आणून त्या बाजूला ताणून धरले. परडीची कड उजळली, पापडावरचे जिरेसुद्धा दिसायला लागले. फोटो मावशींनी काढला. पापडाचा छान आला. कुरडयांचा हात हलल्याने गेला, तो या बुधवारी पुन्हा काढायचा आहे.