परमुलखातील उत्सवाचे वाटेकरी

परमुलखात पोटापाण्यासाठी अथवा परागंदा होऊन वस्तीस गेलेल्या माणसाने तेथील लोकांच्या रस्त्यावरील जल्लोषात कोणत्या अधिकाराने सामील व्हावे, हा प्रश्न आज फुटबॉलच्या सामन्यानंतर विजयी गर्दीत बेधडक शिरणाऱ्या परदेशस्थ मराठी तरुणांना क्वचितच पडत असेल. कारण ढोल एकदा वाजू लागला की गर्दी कोणाचाही परवाना तपासत नाही. तथापि या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा वर्धा जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो.

वर्धा हे शहर मूळचेच बाहेरून आलेल्यांचे. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे सदर ठाणे आखून वसविण्यात आले. रेल्वे, सरकारी कचेऱ्या आणि कापसाचा व्यापार यांच्या मागोमाग कारकून, वकील, मारवाडी सावकार येथे येऊन स्थिरावले. अशा नव्या वस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म झाला. प्राथमिक शिक्षण वर्ध्यास आणि पुढचे नागपुरास झालेला, टिळकांच्या विचारांनी भारावलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या आरंभी देशाबाहेर पडला. अमेरिकेत कृषिविद्या शिकता शिकता गदर चळवळीच्या संस्थापकांत गणला गेला, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढला, आणि परतीची सर्व दारे बंद झालेली पाहून १९२४ मध्ये मेक्सिकोत दाखल झाला.

त्या देशात १९१० च्या क्रांतीनंतर जहागिरी मोडून जमिनी रयतेस देण्याचे कार्य चालू होते, आणि चापिंगो येथे एका जुन्या जहागिरीच्या आवारातच राष्ट्रीय कृषिविद्यालय भरू लागले होते. तेथे खानखोजे अध्यापक झाले. मका, गहू यांच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविण्याच्या कामी पुढाकार घेतला.

मेक्सिकोचा रस्ता हा उत्सवाचा रस्ता आहे. १८१० च्या १६ सप्टेंबरला पहाटे मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने स्वातंत्र्याची हाक दिली, तिच्या स्मरणार्थ दरवर्षी १५ तारखेच्या रात्री राष्ट्राध्यक्ष प्रासादाच्या सज्जातून घंटा वाजवून जयघोष करतात आणि खालील चौकातला जनसमुदाय त्याला प्रतिसाद देतो. स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त १९१० मध्ये उभारलेल्या स्तंभापाशी आज फुटबॉलचा विजय साजरा करावयास जमणारे लोक याच प्रथेचे वारस होत. १९३८ मध्ये परकीय कंपन्यांच्या तेलाच्या विहिरी सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा तर नुकसानभरपाईच्या निधीसाठी दागिन्यांपासून कोंबड्यांपर्यंत हाताला लागेल ते घेऊन स्त्रिया रांगेत उभ्या राहिल्या.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्या खेळाने हे रस्ते आज भरतात तो खेळही तेथे परक्यांनीच नेला. कॉर्नवॉलहून पाचूकाच्या रुप्याच्या खाणीत कामाला आलेल्या मजुरांनी चेंडू आणला, आणि स्थानिकांनी तो आपलासा केला. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात घरदार गमावलेल्या बास्क खेळाडूंचा संघ मेक्सिकोने आश्रयास घेतला. १९३८–३९ च्या साखळी स्पर्धेत तो दुसरा आला. त्या परागंदा खेळाडूंसाठी मैदान मोकळे करणारा समाज आणि वर्ध्याच्या परागंदा क्रांतिकारकाच्या हाती बियाणे सोपविणारा समाज एकच होता.

खानखोजे त्या समाजाचे किती वाटेकरी झाले, याची साक्ष द्येगो रिवेरा यांनी देऊन ठेवली आहे. मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेरांनी रंगविलेल्या एका भित्तिचित्रात कष्टकऱ्यांच्या पंगतीच्या अग्रभागी बसून पाव मोडणारा जो पुरुष दिसतो, तो खानखोजे यांच्या चेहऱ्यावरून रंगविला गेला आहे. चित्रकाराने परदेशी अध्यापकाला मिरवणुकीच्या कडेस उभे न करता पंगतीत बसविले, यातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. लोकांच्या श्रमात आणि अन्नात ज्याने आधी वाटा घेतला, त्याला त्यांच्या गुलालात वाटा मागावा लागत नाही. उलट ज्याने शेजाऱ्याचे दुःखही जाणले नाही, त्याचे नाचणे कितीही मनःपूर्वक असले तरी ते पाहुण्याचेच नाचणे राहते.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपूर येथे निवर्तले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मेक्सिकोने आपले देणे अशा रीतीने मान्य केले असताना वर्ध्याकडेही एक देणे उरतेच. येथील हिंदी विश्वविद्यालयात शिकावयास येणारे परदेशी विद्यार्थी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी रस्त्याच्या कडेला कुतूहलाने उभे राहतील, तेव्हा एखाद्या लाकडी बैलाची दोरी त्यांच्या हाती देण्यात हयगय होऊ नये. वर्ध्याच्या एका मुलाला परमुलखाने जे दिले, त्याची परतफेड करण्याचा हाच सरळ मार्ग आहे.