कुलपाकडून मुक्तद्वाराकडे

कुलूप चोरासाठी नसते, सज्जनासाठी असते, असे म्हणतात. ग्रंथालयांच्या इतिहासाला हे वचन नेमके लागू पडते. ग्रंथ हाताने नकलून काढावे लागत त्या काळी प्रत्येक प्रत ही ठेवच असे. ती पेटीत कुलूपबंद राहिली यात नवल नव्हते. युरोपात पुढे ग्रंथ मांडणीवर आला, पण लोखंडी साखळीने जखडून. इंग्लंडमधील हेरेफर्डच्या कॅथीड्रलमध्ये १६११ सालची अशी साखळबंद मांडणी आजही पाहावयास मिळते. साखळी पुठ्ठ्याच्या पुढील कडेस जोडलेली असल्याने ग्रंथांच्या पाठी आतल्या बाजूस वळलेल्या आहेत. ग्रंथ लगतच्या मेजापर्यंत येतो, त्यापलीकडे जात नाही.

मुद्रणकलेने ग्रंथ स्वस्त झाले व साखळ्या गळाल्या; अटकाव मात्र राहिला. वाचकाने खिडकीशी उभे राहून ग्रंथाचे नाव सांगावे आणि तो आतून यावा, ही रीत रूढ झाली. लंडनच्या क्लार्कनवेल ग्रंथालयात जेम्स डफ ब्राऊन यांनी १८९४ साली वाचकांना थेट मांडणीपाशी जाऊ दिले, तेव्हा चोरीच्या भयाने विरोध केला तो अनेक ग्रंथपालांनीच.

आपल्याकडे हे धाडस बडोद्याने केले. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिकलेली अक्षरे टिकावयाची तर ग्रंथ हाताशी हवेत, हे ओळखून त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथांच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले व तेथे मुक्तद्वार पद्धत आली. खेडोपाडी ग्रंथांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या.

मुक्तद्वाराने काही ग्रंथ हरवतात, हे खरे. परंतु कसर आणि वाळवी यांना किल्ली लागत नाही. बंद कपाटात तीच निर्वेधपणे वाचन करतात! महाराष्ट्राबाहेरील आपल्या ग्रंथालयांपुढे तर प्रश्न याहून गंभीर आहे. अन्य माध्यमांत शिकलेल्या आपल्या नातवंडांना मराठी ग्रंथांची नावेच ठाऊक नसतात. मग खिडकीशी उभे राहून त्यांनी मागावे काय? त्यांना ग्रंथ आधी दिसला पाहिजे, चाळता आला पाहिजे. दुर्मीळ ग्रंथांना कुलूप जरूर असावे. मात्र आत काय आहे याची यादी कपाटाच्या दारावर असावी आणि किल्ली मागणाऱ्यास ती संकोचावाचून मिळावी.